दहा लाख एकचा दगा

“नऊशे सत्त्याण्णव! बोल पटकन, बाकी किती?” परमेश्वर ओरडला.

“दहा!” रागिणीने पेन्सिल टाकली. पेन्सिल म्हणजे आता नुसतं टोक उरलं होतं. “झालं. यादी संपली.”

२००३ची मे महिन्याची अख्खी सुट्टी दोघांनी तांड्यावरच्या निलमसोबत शाळेच्या ओट्यावर भागाकारात घालवली होती. संपतराव गुरुजींनी एप्रिलात जाहीर केलं होतं, “१०००००१ ही मूळ संख्या! हिला कोणी फोडूच शकत नाही. हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या भिंतीवर लावल्यात. एकीनं जरी पूर्ण भाग गेला, तर माझी सायकल तुमची!”

सायकल निलमला हवी होती. आठवीचा वर्ग जवळा बाजारला, तांड्यापासून आठ किलोमीटर. सायकल नाही तर शाळा नाही, असं तिच्या बापूनं सांगून टाकलं होतं.

“तीन, सात, अकरा, तेरा... या चौघांना बाकी दोनच!” परमेश्वर वही चाळत म्हणाला. “संख्या न्हाई, अडेल म्हैस हाय!”

“जाते मी. शेळ्या मोजायच्या हायेत,” निलम डोळे पुसत उठली आणि थबकली. “ए! आमच्या शेळ्या एकशेएक. कितीबी सारखे कळप करा, जमतच न्हाई! मंग एकशेएक यादीत काहून न्हाई?”

तिघं भिंतीकडे धावले. ९७, मग थेट १०३! मध्ये कागदाची पट्टी चिकटवलेली. परमेश्वरने ती नखाने सोलली. खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात होतं, १०१.

रागिणीने भागाकार केला. भागाकार ९९०१. बाकी शून्य!

कोणीच उडी मारली नाही.

“गुरुजींना ठाऊक होतं,” निलम हळूच म्हणाली.

गुरुजी आपल्या आमराईत बाजेवर घोरत होते. वर वानरं निवांत आंबे खात होती. गुरुजींच्या पत्नी सिंधूकाकू चहा घेऊन आल्या, तेवढ्यात पोरं पोहोचली.

“गुरुजी, यादीत एकबी संख्या राहिली न्हाई ना?”

“एकही नाही! शपथ!”

निलमने पट्टी पुढे धरली. “मंग ही कशाची?”

गुरुजींचा चेहरा कैरी चावल्यासारखा झाला. “अगं... तुम्ही पोरं दरसाल आंबे पाडता. म्हटलं, सुट्टीभर गुंतून राहाल...”

“अहो, लेकरांना फसवलंत?” काकू कडाडल्या. “अन् आंबे तर वानरांनी संपवले! बघा वर!” त्यांनी स्वतः सायकल आणून निलमच्या हाती दिली. “हुशार गं माझी पोर! तुमी तिघंबी!”

“गुरुजी,” निलम म्हणाली, “राखण करा म्हणाला असता, तर केली असती की आमी.”

गुरुजी खाली बघत पुटपुटले, “शाब्बास.”

सात वर्षं निलम हा शब्द ऐकत आली होती. आज पहिल्यांदाच तिला तो पडताळून पाहावासा वाटला.