वाळक्या पानांतली जागा

भिंगरीच्या आईची काम करायची रीत उलटी होती. बाकीचे चित्रकार आधी जंगल रंगवतात, मग त्यात प्राणी बसवतात. ही आधी प्राणी काढायची आणि त्याच्याभोवती एकेक पान असं रचायची, की समोर असून तो दिसू नये. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ती प्राण्यांची पुस्तकं करायची, आणि नवं पुस्तक लपणाऱ्या प्राण्यांचं होतं. त्यातलं अक्षर न् अक्षर तपासलेलं. कल्पनेतला प्राणी एकही नको, यावर तिचा भारी कटाक्ष.

पहिली वाचक घरचीच. सात वर्षांची भिंगरी नावाप्रमाणेच होती. एका जागी बसेल तर शपथ. जेवतानाही तिचा एक पाय दाराबाहेर. "हिला खिळे ठोकून बसवायला हवं," असं आई म्हणायची खरी, पण ते वादळ घरात शिरलं की तिचा दिवसभराचा शीण पळून जायचा.

त्या दुपारी भिंगरीनं वाळक्या पानांच्या चित्रातले प्राणी पटापट शोधले. रातवा पक्षी, बेडूक, सरडा. मग तिनं कोपऱ्यात बोट ठेवलं.

"आणि हा?"

"तिथं कुणी नाही, बाळा. नुसती पानं आहेत."

"आहे की. डोळे मिटून बसलाय."

आईनं भिंग लावून पाहिलं. पानंच होती. मग तिला आठवलं. तिथं आधी तिनं पेन्सिलीनं वाळक्या पानासारख्या पंखांचा एक पतंग काढला होता. त्याची खात्रीची माहिती मिळेना, म्हणून संपादकबाईंनी तो गाळायला सांगितला. आईनं तो पुसून टाकला आणि उरलेल्या कोऱ्या भागात मातकट रंग भरला. पण भोवतीची पानं तोवर रंगवून झाली होती. जागा तयार होती. तिच्यात बसवायचा प्राणी तेवढा राहून गेला होता.

दोन दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. चित्रांच्या प्रती त्यांनी एका शाळेत दाखवल्या होत्या. त्या हसत होत्या, पण ओढूनताणून.

"अगं, कोपऱ्यात काय लपवलंयस? मला मेलीला काही दिसेना. पोरं मात्र एकजात तिथंच बोट ठेवतात."

"काहीच नाही लपवलं."

"एक मुलगी तर रडलीच. म्हणे, त्यानं डोळे उघडले."

भूतबित आई मानत नव्हती. पण हल्ली भिंगरी तासन्‌तास त्या चित्रासमोर बसायची, अगदी गप्प, पापणीही न हलवता. पोरीचं ते बसणं आईला बघवत नव्हतं. तिनं ब्रश उचलला आणि तो कोपरा पानावर पान चढवून गच्च भरून टाकला.

भिंगरी दारातून बघत होती.

"त्याची जागा बुजवलीस?"

"हो."

"मग तो कुठं बसणार?"

"बसेल कुठंही. माझ्या चित्रात नको म्हणजे झालं."

"मी देऊ जागा?"

"दे बाई, दे," आई मान वर न करताच म्हणाली.

नवं चित्र शाळेत जाऊन आलं. पोरं आता कोपऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं संपादकबाईंनी कळवलं. आईच्या जिवात जीव आला. तिनं ब्रश धुतले, हात पुसले आणि भिंगरीला हाक मारली.

"ओ!" आतल्या खोलीतून आवाज आला.

खोलीत लख्ख ऊन होतं. पलंगावर फुलाफुलांची चादर, खाली भिंगरीच्या चपला. आईनं पलंगाखाली पाहिलं. पडदा सारून पाहिला.

"कुठं आहेस गं?"

"ही काय, तुझ्यासमोर."

आवाज पलंगावरूनच आला होता. तिथं फुलंच फुलं होती.

"भिंगरे, खेळ पुरे. हल जरा. मला दिसू दे."

"नाही हलायचं," भिंगरी शांतपणे म्हणाली. "आम्ही नीट बसलोय."

आई चादरीकडे बघत राहिली. उशीशेजारी खळगा पडला होता. एकच, सात वर्षांच्या मुलीएवढा.