परत केलेलं भांडं

रुपेशने त्या खोक्याची वर्गणी भरली ती स्वानंदीसाठी. आयर्लंडमधल्या लहान लहान गावांत लोक हाताने जे पदार्थ करतात, त्यातले पाच-सहा निवडून दर महिन्याला घरी पाठवायचे, असा त्या लोकांचा धंदा होता. पोरगी इथल्या शाळेत जाते, तर तिला इथलं खाणं ओळखीचं हवं, असं माझ्या मुलाचं म्हणणं. सून मुक्ता हसून म्हणाली, की पोरीचं निमित्त आहे, खायचं यालाच आहे.

हे २०१७ सालचं. नवरा गेल्यानंतर मी फलटणजवळचं आमचं घर बंद करून काही महिन्यांसाठी मुलाकडे, डब्लिनजवळच्या नास गावी, आले होते. वसाहतीच्या शेवटच्या ओळीत घर. मागे थोडी हिरवळ, मग काटेरी झुडपांचं उंच कुंपण, त्यापलीकडे शेत, आणि शेताच्या पलीकडे सखल, कायमची ओली जमीन. पाऊस नसला तरी तिकडून मुरलेल्या पाल्याचा वास यायचा. सकाळी रुपेश आणि मुक्ता डब्लिनच्या गाडीला पळायचे. मी स्वानंदीला शाळेत पोचवायची, घेऊन यायची. मधल्या वेळात घरात बोलायला कोणी नाही. अक्षरओळख मला चाळिशीनंतर झाली, त्यामुळे वाचन सावकाश. इंग्रजी तर रस्त्यावरच्या पाट्यांपुरतं. दूध-तुपाचा धंदा करताना जन्मभर माणसांत वावरलेली बाई मी. त्या शांततेची मला सवय नव्हती.

स्वानंदी सात वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. हाक मारली की "व्हॉट?" म्हणायची. मी तिला सांगून सांगून थकले, की आपल्यात हाक आली की "ओ" म्हणतात. "ओ, आजी" म्हणावं. ती मान डोलवायची आणि पुढच्या हाकेला पुन्हा "व्हॉट?"

पहिलं खोकं सप्टेंबरात आलं. गाडीवाला दाराबाहेर पायरीवर ठेवून गेला होता. खोक्याच्या वर एक लाकडी भांडं होतं. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, काळपट, हातात मावेल एवढं. झाकणावर रुंद पान, पानावरून गवताची वळलेली दोरी. फुटायच्या वस्तूसारखं वेगळं दिलं असेल असं वाटलं, म्हणून मी दोन्ही आत घेऊन ओट्यावर ठेवलं.

शनिवारी चौघं टेबलाशी बसलो. रुपेश एकेक पुडी उघडून मास्तरासारखा माहिती वाचत होता. काळसर पाव, कागदात गुंडाळलेलं चीज, काळ्या मनुकांसारख्या फळांचा जॅम. वाळवलेलं समुद्री शेवाळ होतं, ते मी रुमालात थुंकलं, तर स्वानंदी खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. ती प्रत्येक पदार्थाला मार्क देत होती. शेवाळाला शून्य आणि आजीच्या तोंडाला दहा.

शेवटी मी लाकडी भांड्याचं पान सोडलं. आत लोणी होतं. पांढरंशुभ्र, थंडगार. मी हजारो वेळा लोणी काढलं असेल, पण असं लोणी पाहिलं नव्हतं. ताकाचा थेंब नाही. चवीला किंचित मीठ, आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, तोच मुरलेल्या पाल्याचा वास. स्वानंदीने बोटानेच भांडं पुसून काढलं.

आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. ते भांडं टाकून द्यायचं नव्हतं हे कोणालाही कळलं असतं. इतकं जुनं, इतकं हाताळलेलं. मी रुपेशला विचारलं तर तो कानात यंत्र घालून ऑफिसच्या माणसाशी बोलत होता, त्याने नुसती मान हलवली. मुक्ता म्हणाली, "ठेवा की आई बाहेर. ग्रँड." हा इथला शब्द, म्हणजे झकास. मी भांडं धुतलं, गावाहून आणलेल्या गुळाचा खडा आत घातला आणि पायरीवर ठेवलं. सकाळी भांडं नव्हतं.

मला बरं वाटलं. परक्या मुलखात पहिला घरोबा जुळला होता.

ऑक्टोबरच्या खोक्यावर भांडं पुन्हा होतं. या वेळचं लोणी पिवळसर होतं आणि त्याला गुळाची चव होती. आमच्याच गुळाची, तो उसाचा, किंचित खारट गूळ मी दुसऱ्या चवीत मिसळला तरी ओळखते. मला कौतुक वाटलं. कोणीतरी म्हातारी बाई असेल, माझ्यासारखी, जिला भाषा येत नाही म्हणून पदार्थातून बोलते, असं मी मनात चित्र काढलं.

त्याच आठवड्यात शेजारची ब्रीडा चहाला आली. सत्तरीची, विधवा, मला तीच एक ओळखीची. आमच्यात दुभाषी स्वानंदी. ब्रीडाला इथल्या पद्धतीचा दुधाळ चहा दिला, तिने दोन घोट घेतले आणि ओट्यावरचं भांडं पाहून कप खाली ठेवला. मग स्वानंदीला काहीतरी विचारलं.

"शी इज आस्किंग, आजी, तू त्यात काय घालून दिलं?"

"सांग तिला, गूळ."

स्वानंदीने सांगितलं. ब्रीडा उठली. मी भांडं तिच्यापुढे करायला गेले तर तिने दोन्ही हात मागे घेतले, पोळी भाजताना चटका बसावा तसे. दारात थांबून ती हळू आवाजात लांबलचक काही बोलली.

"काय म्हणाली?"

"नथिंग," स्वानंदी म्हणाली आणि टीव्हीपुढे जाऊन बसली.

मी समजले, बाईला भांड्याच्या स्वच्छतेची शंका आली. आमच्याकडेही सोवळ्याची माणसं असतातच. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. एरवी ब्रीडा पोरीला नावाने हाक मारायची, मोडक्या उच्चाराने, हौसेने. त्या दिवसापासून ती तिला फक्त "पेट" म्हणू लागली. पेट म्हणजे लाडकं. कुंपणाजवळ असली तर तेही म्हणायची नाही, हाताने खुणावायची.

दिवाळी आली. मी भांड्यात शंकरपाळ्या भरल्या आणि पायरीवर ठेवून दिलं.

त्यानंतर स्वानंदीचं जेवण सुटलं. गुळाचं लोणी मी डब्यात काढून इथल्या कपाटात, ज्याला हे लोक प्रेस म्हणतात, त्यात वर ठेवलं होतं. तिला तेवढंच हवं असायचं. पोळी नको, भात नको, पावावर ते लोणी, मग पावही नको. संपल्यावर तिने डबा चाटला. गाल बसले. तिचे हात गार पडायला लागले. मोजे, स्वेटर, काही करून ऊब येईना. आंघोळीनंतर टॉवेलने पुसताना तिच्या केसांना त्या ओल्या जमिनीचा वास यायचा. डॉक्टरने तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मुक्ताने रजा काढली आणि ती पोरीच्या उशाशी बसून राहायला लागली. घरात कोणी मोठ्याने बोलेना.

नोव्हेंबरचं खोकं आलं तेव्हा दुपार होती, रुपेशही त्या दिवशी घरीच होता. भांडं मीच आत आणलं. पान सोडलं. लोणी पांढरं होतं आणि त्यावर एका पंजाचा ठसा होता. लहान मुलाचा, पाचही बोटं स्पष्ट.

स्वानंदी माझ्या मागे कधी आली कळलं नाही. तिने हात पुढे केला आणि त्या ठशावर ठेवला. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. करंगळी तिची जन्मापासून आतल्या बाजूला वाकडी आहे. ठशातलीही वाकडी होती.

मी तिचा हात ओढून घेतला आणि गरम पाण्याखाली धरला. विचारलं, तू कधी यात हात घातला होतास का. नाही म्हणाली. दुसरं काही घातलं होतंस? ती हसली. समोरची फट दिसली.

"माय टूथ. विथ द शंकरपाळी."

दिवाळीत पडलेला दुधाचा दात. आम्ही समजत होतो हरवला.

मुक्ता जागच्या जागी बसली. रुपेशने लगेच खोकेवाल्यांना फोन लावला. बराच वेळ तो ऐकत होता. फोन ठेवून म्हणाला, की त्यांनी लोणी कधी पाठवलंच नाही. लाकडी भांडं तर नाहीच. आणि ते कोणाचीही भांडी परत नेत नाहीत.

"आई, ते खोक्यातच होतं ना?"

"नाही रे. खोक्यावर ठेवलेलं असायचं."

रुपेशने माझ्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खोक्याची वर्गणी बंद केली, भांडं लोण्यासकट उचललं आणि गाडीने दूर जाऊन कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आला.

सकाळी भांडं पायरीवर होतं. आतून रिकामं, धुतलेलं, अजून ओलं.

मी भित्री बाई नाही. अंधारात एकटीने गोठ्यात जाऊन अडलेली म्हैस सोडवली आहे. पण ते धुतलेलं भांडं मी पदरात धरूनच आत आणलं. ते टाकून जाणार नव्हतं. ते मी जोडलेल्या घरोब्यातून आलं होतं, आणि कोणीतरी आता माझ्या पाळीची वाट बघत होतं.

घरोबा मोडायचीही आमच्यात एक रीत आहे. तोंडाने भांडायचं नाही. समोरच्याचं भांडं रिकामं परत करायचं. त्याला कळतं.

दिवसभर मी ते भांडं घासलं. मिठाने, लिंबाने, उकळत्या पाण्याने. कोरडं पुसलं. आत काही राहिलं नाही ना, म्हणून उजेडाकडे धरून पाहिलं. चार वाजता, उजेड मावळत असताना, झाकण लावून पायरीवर ठेवलं आणि आत आले. हात जोडावेसे वाटले, पण जोडले नाहीत. त्यात काही दिल्यासारखं झालं असतं.

सकाळी पायरी रिकामी होती.

मुक्ताला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. स्वानंदी खाली आली, टेबलाशी बसली आणि भूक लागल्याचं म्हणाली. मी पोळी भाजली. तिने एक खाल्ली, दुसरी मागितली. हात धरून पाहिला. कोमट होता. मी दुसरीकडे तोंड वळवून ओटा पुसत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

"आजी," ती म्हणाली, "यू फरगॉट."

"काय विसरले?"

"भांडं. एम्टी होतं. मी स्कूटर आत घ्यायला गेले ना, तेव्हा बघितलं."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"तू म्हणते ना, एम्टी नाही द्यायचं."

"काय घातलंस तू त्यात?"

"नथिंग. माझ्याकडे काहीच नव्हतं." तिने पोळीचा तुकडा मोडला. "मग मी झाकण काढून माझं नाव सांगितलं आत. आणि लगेच बंद केलं."

मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, की नाव ही काय वस्तू आहे का, कोणी उचलून नेईल. पोरखेळ आहे. माझा आवाज मलाच परका वाटला.

स्वानंदी खात होती.

मी तिला हाक मारली. "स्वानंदी."

तिने मान वर केली नाही.

"स्वानंदी."

आता तिने पाहिलं. माझ्याकडे, मग आईकडे, मग मागच्या खिडकीकडे. रस्त्यात कोणीतरी दुसऱ्याच कोणाला हाक मारावी आणि आपण सहज बघावं, तशी.

"आजी, हू इज दॅट?"

मुक्ताने तिचा दंड धरला. मी खिडकीशी गेले. बाहेर उजाडलं होतं. हिरवळीवर दव होतं, त्यावर एकही पाऊल नव्हतं. काटेरी कुंपण हलत नव्हतं. वारा नव्हताच.

खिडकी थोडी उघडी होती. मला ओरडायचं नव्हतं. ते नाव माझ्या तोंडून आपोआप, हळूच गेलं.

कुंपणापलीकडून, ओल्या जमिनीच्या बाजूने, लगेच उत्तर आलं. आवाज आमच्या पोरीचाच होता. उच्चार मात्र स्वच्छ मराठी, मी इतके दिवस शिकवत होते तसाच.

"ओ, आजी."