नांदेड बंदरातली चौकशी

नांदेड हे मराठवाड्याचं प्राचीन बंदर आहे. जगातली सगळी थोर शहरं पाण्याकाठी वसली, पाण्यामुळं वाढली, आणि व्यापार, धर्म, प्रेम वगैरे ज्या काही चांगल्या-वाईट गोष्टी त्यांच्याकडं आल्या त्या पाण्याच्या वाटेनंच आल्या. नांदेड त्यांतलंच एक.

हे मत कुणा इतिहासकाराचं नाही. ते श्रीमंत गजभारे याच्या ऑटोच्या पाठीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं. 'प्राचीन बंदर नांदेड दर्शन. स्पेशल ऑटो.' पुरावा म्हणून श्रीमंत घाटाखालची होडी दाखवायचा. मात्र ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ही होडी गोदावरीच्या पात्रात तडकलेल्या गाळावर एका कुशीला पडलेली होती. होडीला नांगर नव्हता. शेळी होती.

त्या रविवारी सकाळी जळकोटच्या एसटीतून आम्रपाली सोनकांबळे उतरली. मागून तिची आत्या केवळाबाई, आणि आत्याच्या दोन्ही हातांत पाण्याचे दोन रिकामे निळे कॅन.

"जुनं नांदेड बघायचंय," आम्रपाली म्हणाली. "दिवसभर. स्पेशल."

श्रीमंतनं कॅनकडं पाहिलं. "कॅन घेऊन?"

"कामून? कॅन घेऊन इतिहास बघायला बंदी हाय का?"

"बंदी न्हाई, ताई. पण बाकीचे लोक कॅमेरा आणत्यात."

"ह्याचं नाव विचार, आम्रे," आत्या म्हणाली. "आन ऑटोचा नंबर पाठ कर."

"श्रीमंत," तो म्हणाला.

आत्यानं त्याला वरून खाली बघून घेतलं. "वाटत न्हाई."

आडनावं झाली, जयभीम झाला, तरी संशय काही कमी झाला नाही. उलट दोन्ही बाजूंनी नीट बसला, कॅन बसवतात तसा, मध्ये.

"जळकोट म्हंजी लातूर जिल्हा ना?" श्रीमंतनं ऑटो सुरू करत विचारलं.

"सध्या. उदगीर जिल्हा होणार म्हणत्यात, मग आमी तिकडं."

"कवा होणार?"

"होऊन राहिलाय," आम्रपाली म्हणाली.

श्रीमंतच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. ऐन दुष्काळात, रणरणत्या उन्हात, शिकलेली मुलगी रिकामे कॅन घेऊन जुन्या गल्ल्या कशाला बघेल? टँकरचं पाणी चोरून विकणाऱ्यांना पकडणारं पथक असणार. त्यानं आयुष्यात पाणी विकलेलं नव्हतं, पण घाम फुटायला तेवढं कारण लागत नाही.

तिलाही तो सरळ वाटेना. चौफाळा भागातल्या एका कोपऱ्यावर त्यानं ऑटो थांबवला आणि एका दगडी चौथऱ्याकडं हात केला. "हितं अरबी गलबतं लागायची."

"बरं."

किल्ल्याच्या भिंतीपाशी पुन्हा थांबला. "हितं अरबी गलबतं लागायची."

"मगाशी तिकडं बी लागली होती," आम्रपाली म्हणाली.

श्रीमंतनं क्षणभर विचार केला. "गलबतं लई होती."

ती हसली नाही. पण ओढणीचं टोक तिनं ओठांवर धरलं आणि मान बाहेर वळवली. कडुलिंबाचा मोहोर ऑटोत उडून येत होता, एक फूल तिच्या केसांत अडकलं. ते नीट दिसावं म्हणून श्रीमंतनं आरसा थोडा वळवला. आरशात आत्या दिसली. आत्या आरशातच बघत होती.

किल्ल्यामागच्या गल्लीच्या तोंडाशी आम्रपालीनं अगदी सहज विचारलं, म्हणजे जे अजिबात सहज नसतं तसं विचारलं, "हितं विश्वदीप म्हणून कोण राहतो का? नळाची चावी फिरवतो तो."

आणि श्रीमंतला सगळा उलगडा झाला. पथक नव्हतं. चौकशी होती.

आपल्याकडं लग्न ठरण्याआधी चौकशी होते. मुलीकडचं कुणीतरी मुलाच्या गल्लीत जातं, किराणावाल्याला, शेजाऱ्याला, ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही विचारतं. कुणीतरी वाईट बोलतंच. त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, उरलेलं घरी सांगायचं, आणि मग होकार द्यायचा. आम्रपालीचे वडील बापू यांनी विश्वदीपची चौकशी न करताच होकार ठरवून टाकला होता. बाकीचे बाप मुलगा नोकरीत आहे म्हणतात, बापू चार लोकांत 'मुलगा पाण्यात आहे' म्हणत होते. उद्या सोमवारी निरोप जायचा होता. एकदा गेला की परत घेता येणारा नव्हता. म्हणून इतिहासाचं निमित्त करून ती स्वतः आली होती. कॅन आत्यानं आणले होते. नांदेडला जायचं आणि रिकामं परत यायचं, हे आत्याला पटत नव्हतं.

गल्लीत दारोदारी घागरींची रांग लागलेली. नळाला पाणी नव्हतं, पण लोक नळावर नजर ठेवून होते.

"विश्वदीप?" किराणावाला ज्ञानोबा म्हणाला. त्यानं आधी नळाकडं पाहिलं. "हिरा माणूस."

चतुराबाई ही गल्लीतली अशी बाई, की जिनं स्वतःच्या मुलाबद्दलही कधी बरा शब्द काढला नव्हता. तिनं समोरच्या, विश्वदीपच्या खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "असा पोरगा पुन्हा होणे न्हाई."

एका म्हाताऱ्याची भिंत विश्वदीपनं मोटारसायकल घालून पाडली होती. विटा अजून तशाच पडलेल्या. म्हातारा म्हणाला, "भिंत माझीच मधी येत होती."

आम्रपाली ऑटोत येऊन बसली.

"सगळे चांगलंच बोलले," ती म्हणाली.

"म्हणून तर," आत्या म्हणाली. "माझ्या लग्नाच्या टायमाला आमच्या मालकांबद्दल सगळ्या गावानं नाही नाही ते सांगितलं होतं. सगळं खरं निघालं. पण फसवणूक झाली असं मला कुणाला म्हणता येत न्हाई."

"हितं सगळे तुमाला नावानं वळखत्यात. तुमी याच गल्लीत राहता न्हवं?" आम्रपालीनं श्रीमंतला विचारलं.

"हाव."

"मग तुमी सांगा. कसा हाय विश्वदीप?"

श्रीमंतनं दोन्ही हातांनी हँडल धरलं, ऑटो उभा असताना. "लई चांगला माणूस हाय."

"अरबी गलबतं लागायची म्हणताना हाच आवाज होता तुमचा."

श्रीमंतनं ऑटो सुरू केला आणि सरळ घाटावर आणला. वाटेत दोन देवळं, एक दर्गा आणि एक पडकी वेस गेली, पण कुठंही गलबत लागलं नाही.

आत्या ऑटोच्या सावलीत कॅनवर पाय ठेवून बसली. "मी हितनं बघून राहिले," असं तिनं बजावलं. पायऱ्या उतरून दोघं होडीपाशी गेले. शेळीनं त्यांना जागा करून दिली. दोघं समोरासमोर बसले, पण होडी एका कुशीला असल्यामुळं दोघंही हळूहळू एकाच बाजूला घसरले. आम्रपालीनं काठ धरला. होडी हलण्याची काही शक्यता नव्हती, तरी धरला.

"सांगा आता," ती म्हणाली. "हितं नळ न्हाई."

"सांगितलं तर उद्यापासून आमचा नळ बंद. आई हाय घरी."

"न्हाई सांगितलं तर उद्या माझा होकार जाऊन राहिला."

श्रीमंत पात्राकडं बघत राहिला. गाळावर ऊन नुसतं थरथरत होतं, लांबून पाण्यासारखं दिसत होतं.

"तो दर रविवारी एक मुलगी बघायला जातो," तो म्हणाला. "पोहे खातो. घरच्यांशी बोलून कळवतो म्हणतो. कुणाला न्हाई म्हणत न्हाई, आन हाव बी म्हणत न्हाई. ज्या गल्लीत मुलगी, तिथं पाणी जरा जास्त येळ. सगळे आशेवर. आता पाऊस पडला की ह्याला कोण विचारतंय, हे त्याला बी ठाऊक हाय. म्हणून पाऊस पडेस्तोवर पोहे."

"आन ज्यांचा होकार गेला त्या?"

श्रीमंतनं शेळीकडं पाहिलं. शेळीनं दावं ताणून बघितलं आणि सोडून दिलं.

आम्रपालीनं डोळे बारीक केले. जळकोटची मुलगी ती, एवढ्यावर कशी विश्वास ठेवेल.

"हे मला सांगण्यात तुमचा काय फायदा?"

"हाय," श्रीमंत म्हणाला. "...फायदा हाय म्हणून तर मगाशी बोललो न्हाई. माझ्या तोंडून आलं की ते धरायचं का सोडायचं... तुमी ठरवा."

गरम वाऱ्याची झुळूक आली, तिच्या केसांतलं ते फूल त्याच्या गुडघ्यावर पडलं. दोघांनीही ते बघितलं. कुणी उचललं नाही.

"सकाळी तुमी मला ताई म्हणत होता," ती म्हणाली.

"चौफाळ्यापर्यंत."

ती उठली, ओढणी सारखी केली. "चौकशी करावी लागंल."

"त्याची?"

"त्याची झाली."

संध्याकाळी श्रीमंतनं आपल्या घरच्या ड्रममधून दोन्ही कॅन भरून दिले. एसटी सुटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एका कॅनचं निळं झाकण ऑटोच्या सीटखाली राहिलंय. त्यानं ते पुसलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. तिथंच ते राहिलं. आईनं विचारलं, तर म्हणाला, गिऱ्हाईकाचं आहे.

सोमवारी जळकोटहून नकार आला. विश्वदीपला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी नाही म्हटलं होतं. त्यानं विचारपूस केली, गल्लीनं लगेच श्रीमंतचं नाव सांगितलं, आणि मंगळवारी गजभाऱ्यांचा नळ बंद झाला. चतुराबाई दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं श्रीमंतला नावं ठेवत होती. अंधार पडला की तीच एक घागर गुपचूप त्याच्या आईच्या उंबऱ्यात ठेवून जात होती.

पुढच्या रविवारी श्रीमंत जळकोटच्या एसटीच्या वेळेला स्टँडवर उभा राहिला. दाढी केली होती. आम्रपाली उतरली, मागून आत्या, निळे कॅन. आम्रपालीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, आणि सरळ जाऊन शेजारी उभ्या मारोतीच्या ऑटोत बसली. ऑटो किल्ल्याच्या दिशेनं गेला.

श्रीमंत तिथंच. आपण ज्याला दिवसभर फिरवलं, त्यानं दुसऱ्याचा ऑटो करावा, याचं दुःख ऑटोवाल्यालाच कळतं. आणि मारोती भरवशाचा माणूस नव्हता. त्याला आरसा वळवायची सवय होती.

मग त्याला उमगलं. ज्याची चौकशी करायची, त्याच्याच ऑटोतून कसं जाणार?

यानं दुःख गेलं आणि भीती आली. गल्ली आता त्याच्याबद्दल काय वाटेल ते बोलायला मोकळी होती. त्याच्या हातात कुणाचाच नळ नव्हता. तो घाटावर जाऊन होडीत बसला आणि शेळीकडं बघत राहिला.

दुपार कलली तेव्हा ती पायऱ्या उतरून आली. होडीत चढली, समोर बसली, आणि हजेरी घ्यावी तशी सुरू झाली.

"चतुराबाई म्हणाल्या, खोटारडा हाय. बंदर बंदर करून परगावच्या लोकांना फसवतो."

"हाव."

"ज्ञानोबा म्हणाले, डोकं कमी हाय. पाण्याच्या माणसाशी कुणी ऐन उन्हाळ्यात वाकडं घेतं का?"

"हाव."

"तुमच्या आई म्हणाल्या, घोरतो. आन रागावला की जेवत न्हाई."

"आई बी?"

"त्यांनीच सगळ्यात जास्त सांगितलं. त्या तर थांबूनच न्हाई राहिल्या."

श्रीमंतनं मान खाली घातली. होडी कललेली होती, त्यामुळं मान खाली घातली तरी आम्रपाली जवळच येत होती.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय. त्या गल्लीत पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं," आम्रपाली म्हणाली. तिनं काठ सोडला. हात कुठंतरी ठेवायला हवा म्हणून तो त्याच्या हातावर ठेवला. "बापूंना काय सांगू? मुलगा बंदरातला हाय म्हणू?"

"पाणी न्हाई पण."

"जळकोटला तरी कुठं हाय."

वारा पडला होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं. आठवडाभर मनात घोळवलेलं एक वाक्य श्रीमंतच्या ओठांवर आलं. मोठं होतं, त्यात गोदावरी होती, दोन काठ होते. त्यानं दुसरा हात छातीशी नेला, खिशातल्या त्या निळ्या झाकणावर ठेवला. ते तिला दाखवायचं, इतके दिवस जपलं म्हणायचं, असं त्याचं ठरलं होतं.

"आम्रपाली..." तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं.

"ओ श्रीमंतराव," पायऱ्यांवरून आत्याचा आवाज आला. त्या 'राव'नं दोघंही एकदम सरळ बसले. "ते मागनं बोला. त्या चतुराबाई कॅन भरून देते म्हणत्यात. मागल्या रविवारी एक झाकण तुमच्या ऑटोत राहिलंय, तेवढं बघून द्या. एसटीत लई सांडतं."