झेंड्यांच्या मधलं पाणी

फोन वाजला तेव्हा प्रमोदिनीबाई उद्याच्या सहलीसाठी बटाटे किती उकडावेत याच्या विचारात होत्या. फोनवर ईशानी होती.

"मावशी, कमलाकरकाका... नदीत. मी ड्यूटीवर आले, तर ते पाण्यात होते."

"आहेत?"

"नाहीत, मावशी."

बटाटे तिथेच राहिले.

२००६ सालचा जुलै होता. यॉर्कशरमधल्या त्या गावात असा उन्हाळा पडला होता, की रस्त्याचं डांबर चपलांना धरून बसायचं आणि गोरी माणसं उकडलेल्या कोळंबीसारखी लाल होऊन हिंडायची. कौन्सिलनं नदीच्या वळणावर वाळू ओतून बीच केला होता, लाइफगार्ड नेमले होते; ईशानी त्यांतलीच एक. गावातल्या मराठी मंडळाची रविवारची सहल तिथेच ठरली होती. प्रमोदिनीबाई मंडळाच्या अध्यक्ष. तीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई; लोकांच्या घशात डोकावायची सवय निवृत्त होऊनही सुटली नव्हती.

कमलाकर वाळूवर चादरीखाली होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. हातातली काठी ओल्या गवतात अडकली होती. आणि पाण्याच्या कडेला लाल-पिवळे दोन झेंडे दिमाखात उभे होते.

सार्जंट जय वही न काढता उभा होता. तो इथेच जन्मलेला, मंडळाच्या बालवर्गात प्रमोदिनीबाईंकडूनच बाराखडी शिकलेला.

"मावशी, ईशानीनं काल झेंडे काढले नाहीत, असं दिसतंय," तो हळूच म्हणाला. "काकांना वाटलं, झेंडा आहे म्हणजे सेफ आहे."

"मी काढले," ईशानी म्हणाली. "बॉक्समध्ये ठेवले."

"कुलूप असतं बॉक्सला?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"नाही. झेंडे कोण चोरणार?"

"आणि लावता ते इथेच?"

"नो, मावशी. इथे एकदम डीप आहे, पाय टेकत नाही. आम्ही तिकडे वर लावतो, पाणी कमरेएवढं असतं तिथे." ती रडू लागली. "माझा जॉब जाईल, पण ते नाही... मी मारलं का त्यांना?"

प्रमोदिनीबाईंनी तिचा खांदा दाबला. गेल्या रविवारी याच पोरीनं चौघांना जागा दाखवली होती: त्यांना, कमलाकरला, त्याच्या धाकट्या भावाला आणि खजिनदार शशीला. बॉक्स उघडून झेंडेही दाखवले होते. कमलाकरनं दहा वेळा विचारून घेतलं होतं, "म्हणजे झेंड्यांच्या मधे उतरायचं. नक्की?" काठीनं पाणी मोजून म्हाताऱ्यांच्या खुर्च्या कुठे ठेवायच्या ते पुन्हा येऊन ठरवणार होता. पोहता येत नव्हतं, पण नियम एकदा कळला की डोळे मिटून पाळणारा माणूस.

"काकांशी कुणाचं भांडण?" जयनं विचारलं.

"शशीचं. मसालेभात की पुलाव, यावरून. 'ह्याला एकदा नदीत बुडवला पाहिजे' असं तो सभेत म्हणाला होता."

जयचे डोळे चमकले.

"अरे, शशी कालपासून एडिनबराला आहे मुलीकडे. पुलावासाठी माणूस मारायचा असता, तर मंडळात कुणीच उरलं नसतं. चल, अतुलला सांगायला हवं."

अतुल कमलाकरचा धाकटा भाऊ. मोठा सर्जन. रोज पहाटे देवपूजा, मग कपाळावर गंध लावून ड्यूटी. ऑपरेशनच्या टोपीखालीसुद्धा ते गंध असतं, असं नर्सेस हसून सांगायच्या. दार त्यानं उघडलं. आज कपाळ कोरं होतं. जयनं बातमी सांगितली. अतुल जिन्याच्या पायरीवर बसला. बायकोनं, अलकानं, चहा आणून दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत सांडला.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात कालची फुलं सुकून काळी पडली होती. वात कोरडी होती.

प्रमोदिनीबाईंनी ते पाहिलं आणि आपला चहा पूर्ण संपवला.

दुपारी अतुलच्या घरी भेटायला माणसं जमली. कुजबुज एकच, ईशानीच्या निष्काळजीपणाची. ती दाराशी उभी होती, कुणी तिला बस म्हणत नव्हतं.

"अतुल," प्रमोदिनीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आज पूजा राहिली रे."

"सुतक नाही का?" तो म्हणाला.

"खरंच की. पूजा किती वाजता करतोस?"

"सहाला. का?"

"आणि बातमी आम्ही आणली तेव्हा नऊ वाजून गेले होते."



"मग बरं नव्हतं," अतुल म्हणाला.

"अलका, सकाळी ह्याला बरं नव्हतं?"

अलकानं नवऱ्याकडे पाहिलं. "बाहेरून आले ते ओल्या चपलांनी. डोक्यावरून अंघोळ केली. मी फुलं काढून ठेवली होती. म्हणाले, आज देवाला शिवू नकोस, दिवाही लावू नकोस. मी विचारलं, का. तर वर निघून गेले."

"मावशी, मला नाही कळलं," जय म्हणाला. "पूजा नाही केली, त्यात काय?"

"भाऊ गेला की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. पण हे सुतक मरणाला लागत नाही बाळा, कळण्याला लागतं. लांबचा नातलग गेला, पत्र महिन्यानं आलं, तर सुतक पत्र आल्यावर. मग ह्याला पहाटेच कसं लागलं? कारण ह्यानं पाहिलं. बॉक्समधले झेंडे काढून खोल डोहापाशी रोवले. भावाला तिथे नेलं, म्हणाला असेल, ईशानीनं आधीच लावलेत, मोजून घे. कमलाकर काठी टेकत झेंड्यांच्या मधून चालत गेला. हा काठावर उभा राहिला. हाक मारली असेल रे त्यानं, अतुल. तुझ्याच नावानं मारली असेल."

"पण का?" जयनं विचारलं.

"त्याचे हात बघ. कप धरवत नाही, आणि हे आजचं नाही; तरी ऑपरेशनं चालूच. ह्या हातांनी गेल्या महिन्यात ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई गेली, हे नर्सेसकडून कानावर आलं होतं. कमलाकर मला एवढंच म्हणाला होता, 'धाकट्याला सोमवारपर्यंत वेळ दिलाय. त्यानं स्वतः सांगावं, नाहीतर मी हॉस्पिटलात वर कळवणार.' कसलं, काय, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

"बॉक्सच्या झाकणावर ठसे असतील," जय पुटपुटला आणि अतुलजवळ गेला. त्याचं मराठी संपलं होतं. पुढचं कायद्याचं तो इंग्लिशमध्ये बोलला.

अतुल उठला. नाकारलं नाही. देव्हाऱ्याकडे पाहत एवढंच म्हणाला, "निदान सुतक तरी पाळलं."

अलकानं पुढे होऊन देव्हाऱ्याची दारं लावून घेतली.

पोलिसांची गाडी अतुलला घेऊन गेल्यावर घर रिकामं होत गेलं. शेवटी जाणाऱ्यांपैकी एकानं ईशानीकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चपला शोधू लागला. प्रमोदिनीबाईंनी तिला ओढून कोचावर शेजारी बसवलं.

"उद्याची सहल रद्द ना, मावशी?"

"सहल रद्द. पण उद्या तुझी ड्यूटी आहे ना?"

"आहे."

"मग मी येते. झेंडे बरोबर जागी लाव. मला त्यांच्या मधे उभं राहायचंय."