शेटाणीचा हंडा

बत्तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला भुतं दिसत नाहीत. त्यांना आधी रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणून पुतण्या रूपेशने विकत घ्यायचा ठरवलेला सूर्यमाळचा शेटाचा बंगला मी मे महिन्यात एकटाच बघायला गेलो. त्याला तिथे पर्यटक ठेवायचे होते. मला फक्त कौलं आणि वासे तपासायचे होते.

अर्देशर शेट जंगलाचं कंत्राट घेऊन दमणकडून आला, भाताची शेती केली, विहीर खणली आणि नियम केला : पाड्यातल्या बायकांनी खुशाल पाणी शेंदावं, पण रोजचा पहिला हंडा बंगल्याच्या ओट्यावर. पुढे शेट गेला, मुलं मुंबईला गेली, शेवटी एकटी राहिलेली म्हातारी शेटाणीही गेली. कुलूप लागून चाळीस वर्षं झाली. नियम मात्र अजून चालू होता, हे मला कोणी कळवलं नव्हतं.

चढ चढून ओट्यावर टेकलो तेव्हा दुपार झाली होती. शेजारी हंडा, काठोकाठ भरलेला. टेबलावर आलेली वस्तू कारकुनाला आपलीच वाटते. मी पोटभर प्यालो, उरलेलं डोक्यावर ओतलं.

विहिरीवरून पाड्यातली रुपी धावत आली. मागून तिची सासू सोमी.

"बाबा, त्यातला पाणी प्यालास?" रुपीने विचारलं.

"का, नाव लिहिलंय त्यावर?"

रुपी विहिरीकडे परत वळली, तिने पोहरा सोडला. खाली दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"सकाळी पाणी होता," ती म्हणाली. "शेटाणीचा हंडा दुसरा कोणी प्याला का विहीर आटते. माझी पोर बाळंतीण हाय. आठ दिवसांचा लेकरू... दुसरी विहीर नाय."

"हा कुठला कायदा?" मी विचारलं. आवाज कचेरीतला निघाला नाही.

सोमी हळूच म्हणाली, "म्हातारी खाटेला खिळली तवा आम्हीच पाणी ठेवायचो. एका उन्हाळ्यात म्हटलं, आता शेट कुठं हाय... तीन दिवस नाय ठेवला. चौथ्या दिवशी दार उघडला. उंबऱ्यापर्यंत सरपटत आलेली..."

मी पिशवीतली बाटली हंड्यात रिकामी केली. तळ जेमतेम झाकला.

"तू प्यालास. तूच बोल तिला," सोमी म्हणाली.

भर उन्हात कुलपासमोर हात जोडून मी म्हणालो, "बाई, चूक माझी. बाकीचं मी देईन."

आत काहीतरी फरशीवरून ओढत आल्यासारखं वाजलं. दाराशी थांबलं. मग घोट... सावकाश, एकेक. हंडा माझ्या पायाशी होता. त्याचा तळ माझ्या डोळ्यांदेखत कोरडा झाला.

विहिरीत रुपीचा पोहरा बुडाला.

पुतण्याला मी सांगितलं, वासे किडलेत. वासे ठणठणीत आहेत.

आता जव्हारला माझ्या घरी नळ आला की पहिला हंडा मी दाराबाहेर ठेवतो. संध्याकाळी तो रिकामा असतो. एवढं मी चालवून घेतलं असतं. पण गेल्या सोमवारपासून घरात फरशीवर ओला पट्टा उमटतो, अंग ओढत नेल्यासारखा. उंबऱ्याशी संपतो. तो बाहेरून येत नाही. माझ्या खाटेखालून निघतो.