समोरच्या खुर्चीतलं

"मग तिचा हात कुणी धरायचा? सांगा ना! आत ती मरणाच्या दारात पडलीय आणि बाहेर बाकावर जी बसलीय, जिनं तिच्यासोबत अख्खं आयुष्य काढलं… ती तिची कोण? कुणीच नाही?"

आवाज फाटला तिचा. हात थरथरायला लागले, टेबलावरचा पाण्याचा ग्लास हिंदकळला, डोळ्यांतून घळाघळा पाणी… आणि बाबांनी काय करावं? त्यांनी टाळ्या वाजवल्या!

"वा, वकीलसाहेब, वा! आज तर रडूसुद्धा आणलंत! विरोधकांना तुझ्या निम्म्यानं बोलता आलं असतं ना, तर आमचा पक्ष कधीच बुडाला असता!"

ती काही वकील नव्हती बरं का. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, पेशंटना नंबर द्यायची. पण घरात, गल्लीत, दवाखान्यातही सगळे तिला वकीलच म्हणायचे, आणि त्याचं कारण हे जेवणाचं टेबल! बाबा पक्षातले सगळ्यात जुने, सगळ्यात नावाजलेले वक्ते. हातात कागद म्हणून घ्यायचे नाहीत. प्रत्येक मोठ्या भाषणाआधी ते टेबलाच्या या बाजूला बसायचे आणि लेकीला खिडकीजवळच्या, समोरच्या खुर्चीत बसवायचे. तिनं विरोधकांची बाजू घ्यायची, जीव तोडून भांडायचं, आणि बाबांनी एकेक मुद्दा मोडत जायचं. ती शाळेत होती तेव्हापासूनची ही रीत. आणि नियम एकच… समोरच्या खुर्चीतलं समोरच्या खुर्चीतच राहतं! तिथं बसून ती बाबांना ढोंगी म्हणाली, निर्दय म्हणाली, तरी उठल्यावर कुणी ते मनावर घ्यायचं नाही. कारण तिथं बोललेलं काही खरं नसतंच मुळी!

पण या वेळी ते खरं होतं. अगदी अक्षर न् अक्षर खरं होतं… आणि तेवढंच बाबांना माहीत नव्हतं.

झालं होतं असं, की दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करता यावं असा कायदा येऊ घातला होता आणि बाबांचा पक्ष उभा चिरला गेला होता. तरुण मंडळी म्हणत होती, ज्याला जसं वाटेल तसं मत देऊ द्या. जुनी खोडं म्हणत होती, पक्षानं एकजुटीनं विरोध करायचा, म्हणजे कायदा पडलाच! फैसला अधिवेशनात होणार होता. आणि सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा ज्या बाजूनं बोलतील तिकडे सभागृह कलणार.

आणि आमच्या वकीलचा जीव कुठे अडकला होता? दवाखान्याच्या मागच्या खोलीत! तिथं एक मुलगी प्लास्टरच्या धुळीत पांढरी होऊन कवळ्या बनवायची. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा लावून बघायचा… तिला सगळे दातवाली म्हणायचे. दोघींचं प्रेम त्या खोलीत, घासायच्या मशीनच्या घरघरीत फुललं होतं. त्या आवाजात काही बोललं तरी बाहेर ऐकू जायचं नाही ना!

बाबांची कवळीसुद्धा तिनंच केलेली. आई गेली, मागोमाग बाबांचे दात गेले, आणि ते बोलायचेच थांबले. घरात नुसते बसून असायचे, भिंतीकडे बघत. 'स' म्हणायला गेलं की शिट्टी वाजायची, आणि सभेत कुणीतरी हसलं होतं म्हणे. दातवालीनं पुन्हा पुन्हा मापं घेऊन अशी कवळी बसवली की बाबांचा आवाज परत आला, बाबाच परत आले! म्हणून तर वकीलच्या तोंडून काही निघत नव्हतं. ते घरी कळलं असतं तर पक्षात पसरायला कितीसा वेळ? आधी स्वतःचं घर बघा म्हणून हसले असते लोक… पुन्हा हसले असते! आणि बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले असते.

तिनं वेडीनं वेगळंच ठरवलं. त्या खुर्चीत बसून मी इतकं खरं बोलीन, इतकं काळजातून बोलीन, की बाबांचं मन आपोआप पाघळेल. त्यांना कळणारही नाही कुणामुळे!

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी बाबा कवळी घट्ट करून घ्यायला दवाखान्यात आले.

"पोरी, उद्या मोठं भाषण आहे. शिट्टी वाजायला नको हं!"

दातवालीनं कवळी घासली, पुसली, बसवली. "म्हणा बरं… समाज."

"समाज."

"संस्कार."

"संस्कार!"

"संसार."

"संसार!" बाबांनी ठणठणीत म्हटलं आणि खूश होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हातात जादू आहे गं तुझ्या. सुखी राहा!"

ते गेल्यावर दातवाली स्टुलावर बसली आणि हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"एक फटका जास्त मारला असता ना मशीनचा, तर उद्या अख्ख्या सभागृहात शिट्टी वाजली असती."

"मग मारला का नाहीस?"

"काम आहे ते माझं. आणि… तुझे बाबा आहेत ते." तिनं ॲप्रनला हात पुसले. "हे बघ, परदेशातल्या नोकरीला मी हो म्हटलंय. उद्याच दुपारचं विमान आहे. सकाळी तुमच्या पक्षानं माणसासारखं काही ठरवलं तर तिकीट फाडून टाकते. नाहीतर जाते. तू येतेस?"

"बाबांना टाकून? या वयात? अगं, कसं शक्य आहे…"

"मला माहीतच होतं. पण विचारायचं तरी ना!"

"थोडं थांब ना गं. आज ना उद्या…"

"लपूनछपून अजून किती थांबू? कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी मैत्रीण. इस्पितळात दाखल झाले तरी मैत्रीण. दमले मी."

घरी टेबलावर बाबांशी जीव तोडून भांडणारी वकील काउंटरवर परत गेली आणि तिनं पुढच्या पेशंटला नंबर दिला.

अधिवेशनाचं सभागृह खच्चून भरलेलं. वकील आणि आत्या कुटुंबीयांच्या रांगेत, अगदी पुढे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, जीभ अशी तिखट की शेजारी दबकून असायचे. आधी तरुणांकडून एक चष्मेवाला उठला. मुद्दे सगळे बरोबर होते हो, पण तो कागदातून मान वर काढेल तर शपथ! "हा बोलतोय की हजेरी घेतोय?" आत्या पुटपुटली.

मग बाबा उठले. आणि काय बोलले! आवाज खणखणीत, एकही शिट्टी नाही. पण चष्मेवाल्याला ते उत्तर देतच नव्हते. ते उत्तर देत होते लेकीला! "कुणी मला विचारेल, आजारपणात हात कुणी धरायचा? मी म्हणतो, हात धरायला कायदा लागत नाही, माया लागते!" टाळ्या! वकीलनं काळजातून काढलेला एकेक शब्द बाबांनी घेतला होता, त्याच्यावर आपलं उत्तर घासून घासून लखलखीत केलं होतं… आणि तो धार लावायचा दगड कोण? ती स्वतः! ती मुकाट बसली असती, कसंबसं बोलली असती, तर आज या भाषणाला ही धार आली असती का?

आणि मग, अगदी शेवटी, बाबा अडले.

"आणि खरं प्रेम…" ते म्हणाले. थांबले. "खरं प्रेम…"

विसरले! सभागृहात कुणीतरी खोकलं. मागे कुणीतरी खुसखुसलं… आणि बाबांची नजर भिरभिरत लेकीकडे आली, हरवलेल्या लहान मुलासारखी. जेवणाच्या टेबलावर घोटलेला तो शब्द जगात दोघांनाच माहीत होता. ती नुसती खाली बघत बसली असती तरी पुरे होतं! म्हातारा गडबडला असता, सभागृह हललं असतं, कदाचित तिकीट फाटलं असतं…

तिनं मान वर केली आणि नुसते ओठ हलवले. वाट.

"खरं प्रेम वाट बघतं!" बाबा गरजले. "शिक्का मागत नाही!"

सगळं सभागृह उभं राहिलं. हातांचं नुसतं जंगल! विरोधाचा ठराव पास. आत्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती भाचीच्या, रक्त येईतो चावलेल्या ओठांकडे बघत होती.

वकील दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. मागच्या खोलीत रेडिओ चालूच होता, बातमी पुन्हा पुन्हा सांगत होता. ॲप्रन खिळ्याला टांगलेला. मशीन पुसून ठेवलेलं. फळीवर बाबांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा तेवढा उरला होता, आणि त्याच्यावर साचलेली धूळ कुणीतरी आजच बोटानं पुसली होती. वकीलनं तो छातीशी धरला आणि खाली जमिनीवरच बसली. रडूसुद्धा येईना तिला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर रंगात आले होते. "ये ये, वकीलसाहेब! आज वाचवलंस बघ! आणि तो चष्मेवाला! तुझ्यापुढे काहीच नव्हता गं. तेच मुद्दे, पण त्याच्यात जीव कुठे? तो वाचत होता नुसता. तू कशी… तू तर रडायचीस, तुझे हात कसे… तू तर…"

बाबांच्या हातातला चमचा तसाच हवेत राहिला.

"तू वाचत नव्हतीस," ते हळूच म्हणाले.

"उजेड पडला एकदाचा!" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला सभागृहात कळलं, दादा. तू तर रोज समोर बसत होतास!"

"कोण… कोण आहे ती?"

वकीलनं पिशवीतून साचा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचाच जबडा, पांढराफटक.

बाबांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले, कवळी काढली आणि साच्याशेजारी ठेवली. एका क्षणात त्यांचा चेहरा आत गेला, म्हातारा, ओळखू न येणारा. उठले, भिंत धरत धरत टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. खिडकीजवळच्या.

"तू तिथं बश," ते बोळक्यानं म्हणाले. "माझ्या जागी."

ती बसली.

"हात कुणी धरायचा?" बाबांनी विचारलं. शब्द फसफसत होते, शिट्ट्या वाजत होत्या, पण तिला एकेक अक्षर कळत होतं. "बाहेर बाकावर बशलीय ती… ती कोण तिची?"

"हात धरायला कायदा लागत नाही," वकील म्हणाली. त्यांच्याच चालीत, त्यांच्याच ठेक्यात. "माया लागते."

"पण ती दमली अशेल ना गं! लपून लपून… माणूश किती दमेल!"

"खरं प्रेम वाट बघतं, बाबा. शिक्का मागत नाही."

आयुष्यभर विरोधकांना गप्प करणारा माणूस आपलंच उत्तर मोडायला धडपडला… आणि त्यांना ते मोडता येईना! इतकं पक्कं केलं होतं दोघांनी मिळून. त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

"मी उद्या जातो. शांगतो शगळ्यांना, चुकलो म्हणून! वाजू दे शिट्टी!"

"ठराव झालाय, बाबा."

"मग तिला बोलाव. मी पाया पडतो तिच्या!"

"विमान गेलं, बाबा."

त्यांनी हात पुढे केला, आंधळ्यासारखा, टेबलभर चाचपडत. तिनं तो धरला. कायदा न लागता धरला. आत्या दारात पदर तोंडात घालून उभी होती.

मग वकीलनं दुसऱ्या हातानं ताट पुढे ओढलं. "कवळी घाला, बाबा. जेवण गार होतंय."

बाबांनी मान हलवली. नको.

तिनं बरं म्हटलं. हात न सोडता, चमच्याच्या पाठीनं, ती त्यांच्यासाठी उकडलेला बटाटा कुस्करायला लागली.