चाक थांबेपर्यंत

दसऱ्याच्या सकाळी शेखरने शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली, आणि इंदिरेने ती ओढून काढली!

अलगद उचलून बाजूला ठेवली नाही, चांगली हिसडा देऊन काढली. दोन-तीन फुलं तुटून फरशीवर घरंगळत गेली. पाटावर शेखरचा लॅपटॉप होता, वैष्णवीची पुस्तकं होती, दारात हळदीकुंकू लावलेली गाडी उभी होती आणि खिडकीखाली ते शिलाई मशीन... गेली चोवीस वर्षं दर दसऱ्याला 'ताईचं मशीन' म्हणून त्याची पूजा होत आली होती. या चोवीस वर्षांत इंदिरेने त्याच्यावर साधी उशीची खोळसुद्धा शिवली नव्हती. तिला शिवता येतच नव्हतं!

"ताई, अगं काय करतेस?" शेखर हातात हळदीची वाटी घेऊन तसाच उभा राहिला.

"माझ्या मशीनची पूजा करायला चाललेय."

"हे काय, हेच तर तुझं मशीन."

"हे तुझं खोटं आहे, शेखर. माझं मशीन मागे शेडमध्ये आहे."

आणि ती माळ हातावर गुंडाळून ती मागच्या दाराने निघाली. अठ्ठावन्न वर्षांची, सडसडीत, पाठीत जराही न वाकलेली. आयुष्यभर या घरात ती कुणाला उलटून बोलली नव्हती. आज मात्र तिच्या काळजात काहीतरी असं ताठ उभं राहिलं होतं की, ते आता खाली बसणार नव्हतं.

मखमलाबाद रोडवरच्या त्या घरामागे पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये केरू मिस्त्रींचा लेथ होता. केरू मिस्त्री, म्हणजे इंदिरा-शेखरचे वडील, नांदगावहून नाशकात आले ते या कातकामावरच. लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब... लाकूड फिरत राहायचं, मिस्त्री पटाशी टेकवायचे आणि चौकोनी ओंडक्यातून गोलाई अशी बाहेर यायची, जणू ती आत आधीपासूनच होती! ते गेले तेव्हा इंदिरा एकोणीस वर्षांची होती आणि शेखर बारा. तेराव्याचे विधी संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी इंदिरेने पटाशी हातात घेतली. भावाला इंजिनियर करूनच ती खाली ठेवली.

ठेवली म्हणण्यापेक्षा तिला ती ठेवायला लावली. शेखरचं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांनी सहज विचारलं, "बहीण काय करते?" आणि शेखर पटकन बोलून गेला, "शिवणकाम." दुसऱ्याच दिवशी जुन्या बाजारातून शिलाई मशीन आलं. लेथवर ताडपत्री पडली. इंदिरेने तोही घोट गिळला. तिची स्वतःची तीन स्थळं 'मुलगी पुरुषांचं काम करते' म्हणून परत गेली होती. भावाचं तरी का मोडावं?

ती ताडपत्री या उन्हाळ्यात वैष्णवीने उचलली. वैष्णवी शेखरची एकुलती एक मुलगी, नुकतीच बी.एस्सी. झालेली, दिसेल त्या गोष्टीला 'हे असं का?' विचारणारी. "आत्या, हे कसं चालतं?" या एका प्रश्नाने चोवीस वर्षांची धूळ उडाली... इंदिरेने आंब्याच्या लाकडाचं, दुधी भोपळ्याच्या घाटाचं एक लटकन कातलं. वैष्णवीने त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, आणि बायका मागेच लागल्या. नवरात्रात इंदिरेने जाहीर केलं: दिवाळीची लाकडी लटकनं, नवशिक्यांसाठी, दर रविवारी दहा ते एक.

शेखरला ते कळलं होतं. म्हणूनच तो आता तिच्या मागोमाग शेडच्या दारापर्यंत आला. आत मात्र आला नाही.

"ताई, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सटाण्याची मंडळी वैष्णवीला बघायला येतायत. तेवढा एक दिवस बंद ठेव. त्यांना मी सांगितलंय की..."

"की मी शिवते!" इंदिरेने लेथला माळ घातली. "तुझ्या लग्नाला शिवत होते, आता पोरीच्या लग्नालाही शिवू? माझा क्लास होणार."

"माझं ऐकणार नाहीस?"

"चोवीस वर्षं ऐकलं. पुरे झालं!"

पहिल्या रविवारी तिघी आल्या. त्यांत शेजारच्या वत्सलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. इंदिरेने आधी त्यांच्या बांगड्या काढायला लावल्या, पदर आणि वेण्या बांधायला लावल्या, डोळ्यांवर चष्मे दिले. मग वीतभर लांबीचे चौकोनी ठोकळे वाटले. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. तो दोराभर जरी चुकला, तरी लाकूड थरथरणार.

"आणि ओलं लाकूड घ्यायचं नाही," ती म्हणाली. "आज गोल होईल आणि पाडव्याला तडकेल." तिने दोन ठोकळे एकमेकांवर आपटून ऐकवले. ओल्याचा आवाज बद्द, सुक्याचा खणखणीत.

वैष्णवी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊनच बसली होती. गेले दोन महिने ती दर आठवड्याला प्रत्येक ठोकळ्याचं वजन लिहीत होती. "वजन घटायचं थांबलं की, आतलं पाणी संपलं," ती म्हणाली. एकीने आवाजावरून आणि दुसरीने वजनावरून निवडलेले सुके ठोकळे तेच निघाले, तेव्हा आत्या-भाची एकमेकींकडे बघून हसल्या.

"आता शेवटचा नियम." इंदिरेने डावा हात वर केला. त्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नव्हतं. "मशीन चालू असताना कुणीही हाक मारली, तरी वर बघायचं नाही. आधी पटाशी मागे घ्यायची, बटण बंद करायचं. चाक पूर्ण थांबलं की मग ओ द्यायची. देव दारात आला तरी!"

"आणि नवरा आला तर?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"तर बटणसुद्धा बंद करायचं नाही!"

शेड हसण्याने भरून गेली. घरात, बंद खिडकीमागे, शेखर मात्र कानांवर हात ठेवून बसला होता...

दुसऱ्या रविवारी सटाण्याची मंडळी अकराला आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. पोहे झाले, चहा झाला, रिकामे कप घेऊन आत गेलेली वैष्णवी हळूच शेडमध्ये सटकली आणि मागून लेथचा घूंऽऽ आवाज सुरू झाला. मुलाच्या आईने कान टवकारले. शेखरच्या कपाळावर घाम आला. तो "एक मिनिट हं" म्हणून उठला आणि मागे धावला.

"ताई!"

शेडमध्ये इंदिरा लटकनाची मान बारीक करून दाखवत होती. पटाशीच्या धारेवरून लाकडाचा भुगा झिरमिरत होता. तिने वर बघितलं नाही.

"ताई, बंद कर! ताई!!"

तिची नजर हलली नाही, हात हलला नाही. तिने काप पुरा केला. पटाशी मागे घेतली, बटण बंद केलं. चाक फिरत राहिलं, मंद झालं, मग थांबलं. तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"हं, आता बोल."

 शेखर तिच्या त्या अर्ध्या बोटाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा बघता बघता बारावीतल्या पोराचा झाला.

"तू वर बघितलं नाहीस..." तो पुटपुटला.

"एकदा बघितलं होतं."

हो, एकदा! बारावीचा निकाल घेऊन शेखर फाटकातूनच ओरडत आला होता: "ताई, पहिला आलो! ताई!" आणि इंदिरेने आनंदाने वर बघितलं होतं. केवळ एक क्षण. पटाशी अडकली, उसळली... निकालाच्या कागदावर रक्त उडालं होतं.

"तुला वाटलं, मला लाज वाटते म्हणून मी हे झाकलं," शेखरचा आवाज फुटला. "हा आवाज आला ना ताई, की मला ती हाक ऐकू येते. माझीच! माझ्यामुळे गेलं तुझं बोट. मला हे मशीन डोळ्यांसमोर नकोच होतं..."

"आणि लाज? ती नव्हती?"

शेखरची मान खाली गेली. "तीही होती."

इंदिरेचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही. "त्या दिवशी माझं एक पेर गेलं, शेखर. तेही तू पहिला आल्याच्या आनंदात गेलं, मला त्याचं कधी दुःख झालं नाही. आठवड्यात पट्टी सोडून मी पुन्हा इथे उभी होते. माझे हात शाबूत होते रे! ते तू काढून घेतलेस. तुला दुखू नये म्हणून माझं सगळं झाकून ठेवलंस!"

 मग मागून आवाज आला, "अहो, सुईने कधी पेर जातं का?"

शेखरची बायको तेजस्विनी दारात उभी होती. तिच्या मागे पाहुणे. "लग्न होऊन आले आणि पंधरा दिवसांत मला कळलं. शिलाई मशीनमध्ये दोराच ओवलेला नव्हता! वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल... मीही गप्प राहिले, ते माझंही चुकलंच." ती पाहुण्यांकडे वळली. "या माझ्या नणंदबाई. लाकूड कातायला शिकवतात. यांनी लाटणी कातून या घरातला इंजिनियर घडवला."

मुलाचे वडील खालचं लटकन उचलून बोटांत फिरवत राहिले. मुलाची आई एवढंच म्हणाली, "आमच्याकडे चालायचं नाही बाई असलं काही."

"मग मलाही चालायचं नाही," भुसा माखलेल्या हातांनी वैष्णवी शांतपणे म्हणाली.

शेखरने तोंड उघडलं. इंदिरा बघत राहिली. आता हा सावरून घेणार, आता म्हणणार की पोर लहान आहे...

"बरोबर बोलतेय ती," शेखर म्हणाला.

मंडळी गेली. शिलाई मशीनही दिवाळीआधी गेलं, वत्सलाबाईंकडे. त्यांना खरोखर शिवता येत होतं.

भाऊबीजेच्या सकाळी शेखरने ओवाळणीचं पाकीट पुढे केलं, तर इंदिरेने ते परत त्याच्या खिशात घातलं.

"हे नको. शेडमध्ये चल."

तो चष्मा लावून लेथसमोर उभा राहिला. तिने ठोकळा बसवून दिला, पटाशी धरून दाखवली आणि ती ताट आणायला घरात गेली. परत आली तेव्हा चाक फिरत होतं आणि एकावन्न वर्षांचा तिचा भाऊ जीभ दातांत धरून, लाकडावर नजर रोखून उभा होता. समोरचं लटकन एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला खप्पड, पण गोल होत होतं!

ताटातलं निरांजन वाऱ्याने फडफडलं. अर्ध्या तर्जनीच्या हाताचा तिने आडोसा केला. हाक ओठांवर आली होती... तिने ती मारली नाही. ती दारातच उभी राहिली.

शेखरने पटाशी मागे घेतली. बटण बंद केलं. चाक मंदावलं, आणि थांबलं.

"आता बघ वर," इंदिरा म्हणाली.